तज्ज्ञ सोबत आहेत

सहलीच्या जाहिरातीत हल्ली तीन गोष्टी ठळक अक्षरांत असतात. वातानुकूलित बस, घरगुती चवीचे शाकाहारी जेवण आणि तज्ज्ञ मार्गदर्शक. क्रमही हाच. चौकशीचे फोनसुद्धा याच क्रमाने चालतात. बसमध्ये पाय लांब करता येतात का, जेवणात भाकरी असते का, आणि ही दोन्ही उत्तरे मनासारखी मिळाली की फोन ठेवता ठेवता, ‘‘बरं, सर कोण आहेत बरोबर?’’ सरांचे नाव सांगितले की पलीकडून ‘‘अरे वा!’’ असे येते. ते नाव जन्मात ऐकलेले नसले तरी येते. तज्ज्ञाचे नाव आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करणारा माणूस अभ्यास सहलीच्या वाटेला सहसा जात नाही.

नुसती सहल आता कोणाला नको असते. मुले परदेशात मार्गी लागलेली, पेन्शन वेळेवर येणारी, गुडघे अजून दोन-चार वर्षे दम धरतील असा डॉक्टरांचा शब्द. अशा माणसाने ‘अजिंठा बघून आलो’ एवढेच सांगितले तर सोसायटीच्या कट्ट्यावर कोणी मान वर करत नाही. ‘वाकाटक कालखंडावरचा दौरा होता’ म्हटले की निदान दोघे तरी पेपर खाली ठेवतात. या दोघांसाठी माणसे पहाटे चार वाजता उठून बस पकडतात. त्या बसच्या पहिल्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे, डोक्यावर गोल टोपी, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी आणि मांडीवर फोटोकॉपीचा गठ्ठा अशा अवस्थेत जो माणूस बसलेला असतो, तोच आपला तज्ज्ञ.

हा माणूस काही या दहा-वीस वर्षांतला नाही. काशीला, त्र्यंबकेश्वराला यात्रेकरू उतरला की तीर्थोपाध्याय पुढे येई. गाव कोणते, आडनाव काय, एवढे विचारून तो बासनातून वही काढी आणि यात्रेकरूच्या पणजोबांनी तिथे येऊन केलेली नोंद समोर धरी. एकदा पणजोबांचे अक्षर पाहिले की यात्रेकरू पुढचे सगळे निमूट ऐकत असे. आजच्या तज्ज्ञाजवळ अशी वही नाही. त्याला क्षत्रप नहपान आणि गौतमीपुत्र सातकर्णी यांच्या भांडणावर चाळीस माणसे उन्हात उभी धरायची असतात, आणि त्या दोघांपैकी कोणीही प्रवाशांच्या नात्यातले नसते.

त्याहीमागे जायचे तर महानुभावांची ‘स्थानपोथी’ आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, ती ठिकाणे त्यात नोंदली आहेत. देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठे, अंगण कुठे, हे इतक्या काटेकोरपणे लिहिले आहे, की नाहीशा झालेल्या देवळांचा माग काढायला अभ्यासक अजून ती पोथी उघडतात. सांगायचे एवढेच, की माहितगाराचे बोट धरून स्थळे पाहायची खोड मराठी माणसाला बरीच जुनी आहे. फक्त तेव्हा मायक्रोफोन नव्हता.

तज्ज्ञांमध्ये जाती आहेत आणि त्या एकमेकांत मिसळत नाहीत. पहिली जात शिलालेखवाल्यांची. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरल्यावर सगळ्यांच्या माना आपोआप वर जातात. छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, हे ऐकून निवृत्त इंजिनिअरसुद्धा हात जोडतात. शिलालेखवाला मात्र एकदाही वर बघत नाही. तो एका खांबाला गाल लावून उभा असतो आणि बॅटरी तिरकी धरून म्हणतो, ‘‘हा बघा, ‘ध’. दिसला? धेनुकाकटातल्या यवनाचं दान.’’ प्रवाशांना दगडावर दगड सोडून काही दिसत नाही, पण ‘‘हो हो, दिसला की!’’ असा एकमुखी जयघोष होतो. मग तो सगळ्यांना बाहेरच्या भिंतीशी नेतो. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने तिथे कोरून ठेवले आहे, की हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. ज्या कामाला आपण पैसे दिले त्याला आपणच पहिला नंबर देऊन मोकळा झालेला हा सावकार प्रवाशांना एकदम आपल्यातला वाटतो. नहपानाने जे साधत नाही ते भूतपालाने साधते.

दुसरी जात मूर्तीवाल्यांची. हे लोक देवाकडे बघण्याआधी देवाचे हात मोजतात. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतात हे सर्वांना माहीत असते. पण कोणत्या हातात काय, याची अदलाबदल केली की चोवीस मूर्ती होतात, आणि संध्येत म्हणतात ती केशव, नारायण, माधव ही चोवीस नावे त्या चोवीस मूर्तींना लावलेली आहेत, हे ऐकल्यावर बसमधल्या काही मंडळींचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मुंजीपासून पळीपंचपात्र घेऊन ती नावे घडाघडा म्हणत आलेल्यांना या नावांचा हातांशी संबंध आहे हे सत्तराव्या वर्षी, एका पडक्या देवळाच्या मागच्या भिंतीशी कळते. मूर्तीवाल्याचे दुःख वेगळेच असते. त्याच्या वाट्याला येणाऱ्या निम्म्या मूर्तींचे नेमके हातच तुटलेले असतात.

किल्लेवाल्याला मायक्रोफोन लागत नाही. तो बोलतो कमी आणि चालतो जास्त. ‘दहा मिनिटांत पोचतो’ हे त्याचे एकच वाक्य असते आणि ते तो तासातासाने म्हणतो. पाण्याचे टाके दिसले की तो थांबतो. दरवाजा दिसला की वळणाचा रस्ता, बुरुजांच्या कवेत लपवलेले तोंड आणि हत्तीला धडक द्यायला न उरलेली जागा समजावून सांगतो. त्याचे ऐकताना किल्ला जिंकणे अशक्य होते हे पटत जाते, आणि तो चढून आलेल्यांना ते आधीच पटलेले असते.

सगळ्यांत कठीण जात उत्खननवाल्यांची. हे लोक बस भलत्याच ठिकाणी थांबवतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने वर्षानुवर्षे उत्खनन करून तीनएक हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे अख्खे गाव उजेडात आणले. आज तिथे उतरलेल्या प्रवाशाला रान दिसते, बांध दिसतो, लांब कुठेतरी पंप चालू असल्याचा आवाज येतो.

‘‘सर, इथे काय बघायचं?’’

‘‘हेच.’’

‘‘हेच म्हणजे?’’

‘‘तुम्ही उभे आहात ना, तेच.’’

मग सर सांगू लागतात. लहान मूल गेले तर त्याला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. मोठा माणूस गेला तर पुरण्याआधी त्याची पावले तोडत, बहुधा तो उठून कुठे जाऊ नये म्हणून. एवढे ऐकल्यावर मंडळी पायाखाली बघून एकेक पाऊल मागे सरकतात. एखाद्या मावशी हळूच चपला काढून हातात घेतात. काही न दाखवता माणसाला जागच्या जागी हलवणारा तज्ज्ञ हाच. पण जाहिरातीत छापायला त्याच्याकडे फोटो नसतो, म्हणून त्याच्या सहलीला पंचवीस माणसे जमता जमत नाहीत.

आता श्रोत्यांकडे वळू. प्रत्येक बसमध्ये एक वहीवाले काका असतात. ते पूर्वी बँकेत किंवा ऑडिटमध्ये होते. शके आणि इसवी सन यांतला 78 वर्षांचा फरक ते मनातल्या मनात वजा करून ठेवतात आणि सरांची एका वर्षाची चूक सापडली की जेवणापर्यंत आनंदात असतात. कंबोडियातल्या अंकोरवाटला हल्ली मराठी मंडळींचे जथे जातात. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेल्या त्या मंदिरात समुद्रमंथनाचा पट आहे, लांबी सुमारे 49 मीटर. तज्ज्ञ वासुकीच्या वळणांवर बोलत असतात तेव्हा वहीवाले काका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओठ हलवत चाललेले दिसतात. परत आल्यावर निकाल जाहीर होतो, ‘‘देव 88, असुर 92.’’ बरोबर असतो. मागून कोणीतरी म्हणते, ‘‘म्हणजे बहुमत तेव्हापासून त्यांचंच.’’ त्या वाक्याला जो हशा मिळतो तो तज्ज्ञाला अख्ख्या दौऱ्यात मिळत नाही.

दुसरे असतात ‘आमच्याकडेही आहे’वाले. सर कोणतेही देऊळ दाखवोत, यांच्या गावाबाहेर हुबेहूब तसेच असते, फक्त तिकडे कोणाचे लक्ष नाही. तिसरे व्हिडिओ बघून आलेले. वेरूळच्या कैलास लेण्यासमोर हे हटकून पुढे सरसावतात. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात एका डोंगरात वरून खाली हे मंदिर कोरत आणले, असे सर सांगत असतात. त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत प्रश्न येतो, ‘‘पण सर, हे माणसाचं काम वाटत नाही. परग्रहावरून कोणी आलं होतं म्हणतात.’’ सर शांतपणे भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा दाखवतात. प्रश्नकर्ता खुणांवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘‘त्यांच्याकडेही छिन्न्या असतील की.’’ यावर मूर्तिशास्त्रात उत्तर नाही.

चौथा प्रकार नुसता फोटोचा. या मंडळींचे लेणे पाच मिनिटांत बघून होते आणि उरलेला वेळ बसकडे बघत जातो. त्यांचा एकच प्रश्न असतो आणि तो तज्ज्ञांना नसून आयोजकांना असतो, ‘‘पुढे स्वच्छतागृह आहे ना?’’ खरे सांगायचे तर दौऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच असतो आणि इतिहासात त्याची नोंद होत नाही.

आयोजकांच्या ज्ञानाचीही दखल घेतली पाहिजे. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. हे ज्याला पाठ असते तो आयोजक. ज्याला नसते तो सोमवारी चाळीस माणसांना अजिंठ्याच्या फाट्यावर उतरवून ‘इथून दरीचं दर्शन घेऊ’ म्हणतो. अशा वेळी तज्ज्ञाला पुढे ढकलतात. मग तो 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली, ही हकिकत तासभर लांबवतो. स्मिथला लेणी दिसली, आपल्याला दिसली नाहीत, एवढाच काय तो फरक. दुसऱ्या दिवशी आत गेल्यावर त्याच स्मिथने दहाव्या लेण्यातल्या चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवलेली दिसते. ते पाहून आपल्या शाळेतली मुले प्रथमच निर्दोष वाटू लागतात.

तज्ज्ञाचे खरे युद्ध दंतकथेशी असते, आणि ते तो बहुतेक वेळा हरतो. महाराष्ट्रात जुने बांधकाम करणारे दोनच ठेकेदार झाले, पांडव आणि हेमाडपंत. डोंगरात कोरलेले सगळे पांडवांनी, तेही एका रात्रीत, कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिलेले. काळ्या दगडाचे, चुन्याशिवाय रचलेले सगळे हेमाडपंती. तज्ज्ञ नाशिकच्या पांडवलेण्यात पांडवांऐवजी नहपानाचा जावई उषवदात आणि गौतमी बलश्री यांचे लेख दाखवतो. अंबरनाथच्या देवळापाशी तो सांगतो, की इथला लेख शके 982 चा, म्हणजे 1060 चा आहे. हेमाडपंत हे महादेव आणि रामचंद्र यादवांचे मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातले. हेमाडपंतांनी जन्माच्या दोनशे वर्षे आधी कामाला सुरुवात केली असेल तरच हे देऊळ त्यांचे. श्रोते हसतात, माना डोलावतात, वहीत लिहून घेतात. बसमध्ये चढताना शेजारणीला सांगतात, ‘‘काय सुंदर आहे ना हेमाडपंती!’’ मोडी लिपी आणि बाजरीसुद्धा लोकांनी ज्यांच्या खात्यावर जमा केली आहे, त्यांच्या नावावरून एक देऊळ उतरवणे सोपे नाही.

त्यातून जागेवरचा वाटाड्या भेटला तर तज्ज्ञाचे काही खरे नसते. वाटाड्या बुरुजावर उभा राहून एका कोनाड्याकडे बोट दाखवतो, ‘‘साहेब, हे भुयार. घोड्यावर बसून माणूस इथून थेट पलीकडच्या किल्ल्यावर निघायचा.’’ पलीकडचा किल्ला पस्तीस किलोमीटरवर असतो आणि मध्ये दोन नद्या असतात. तज्ज्ञ डोळे मिटून घेतो. मंडळी मात्र कोनाड्यात वाकवाकून घोड्याच्या टापा ऐकू लागतात. तज्ज्ञ खाली उतरल्यावर सांगतो, की ते धान्याचे कोठार आहे. ऐकून घेतात बिचारे. पण बक्षिशीच्या नोटा वाटाड्याच्या हातावर पडतात. सहलीला निघालेला माणूस पैसे भरतो माहितीसाठी आणि जीव टाकतो गोष्टीवर.

एकाच बसमध्ये दोन तज्ज्ञ असले तर प्रवाशांना गोष्ट ऐकायची गरज राहत नाही, ती डोळ्यांसमोर घडते. अजिंठ्याचा काळ हा विषय निघाला की पुरे. वॉल्टर स्पिंक नावाचे अमेरिकन प्राध्यापक होते. मिशिगन विद्यापीठात शिकवायचे. 2019 मध्ये गेले. त्यांनी उभे आयुष्य अजिंठ्याला वाहिले, कित्येक खंड लिहिले, विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यालेण्यांत जागेवर वर्ग भरवले. अजिंठ्याची उत्तरकाळातली लेणी आधीचे अभ्यासक शे-दोनशे वर्षांत पसरवत असत. स्पिंक यांनी ती वाकाटक सम्राट हरिषेणाच्या आसपासच्या वीसेक वर्षांत, साधारण 460 ते 480 या काळात, आणून बसवली. कशाच्या आधारावर? इतर गोष्टींबरोबर दारांच्या खाचांच्या. दार कोणत्या खाचेत फिरत होते, ती खाच कशी बदलत गेली, यावरून कोणते लेणे आधीचे आणि कोणते नंतरचे हे ते ठरवत. सगळे जग पद्मपाणीच्या डोळ्यांत बघत असताना हा माणूस चौकटीच्या कोपऱ्यात बोट घालून उभा. सगळ्यांना ते पटले असे नाही. न पटणाऱ्यांचीही मोठी पुस्तके आहेत. बसमधल्या दोन तज्ज्ञांपैकी एक स्पिंकवाला आणि दुसरा न पटणारा निघाला, तर फर्दापूरपासून संभाजीनगरपर्यंत मंडळींना डुलकी लागत नाही.

आणि या सगळ्याबद्दल तज्ज्ञाला मिळते काय? शेवटच्या संध्याकाळी हॉटेलच्या लॉनवर निरोपाचा कार्यक्रम होतो. शाल येते, श्रीफळ येते, पाकीट येते. पाकिटाच्या जाडीबद्दल बोलण्याची पद्धत नाही, पण ड्रायव्हरने ते पाहिले तर तो पुढच्या वेळी सरांना स्वतःच्या डब्यातले वाढेल. ‘‘सरांनी ज्ञानाची गंगा वाहवली’’ असे आयोजक म्हणतात आणि सरांना त्याच क्षणी आठवते, की दुपारी बोलता बोलता गंगेचे जेवण राहून गेले होते. भाकरी संपली होती.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मला परतीच्या वाटेवरच्या एका चहाच्या टपरीपाशी सापडले. बस थांबली होती. समोर पिंपळाचा पार, पाराला टेकून तीन दगड, तिन्ही चंदेरी ऑइलपेंटने चकचकीत रंगवलेले. इतर दिवशी आम्ही तिकडे पाठ करून चहा घेतला असता. मार्गदर्शक मॅडमनी कप खाली ठेवला आणि सरळ पाराकडे गेल्या. रंगाच्या थराखाली बोट फिरवत म्हणाल्या, ‘‘खालच्या चौकटीत गाई. बघा, शिंगं लागतात हाताला. वर तलवार घेतलेला माणूस. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. सगळ्यात वर शिवलिंग, बाजूला चंद्र-सूर्य. वीरगळ आहे. गावाची गुरं सोडवताना पडलाय हा.’’

पारावर बसलेल्या आजी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आमचा वीरबा हाय त्यो. ढोरं वळवून आणाया गेल्ता, तवा पडला. माजी सासू सांगायची.’’

मॅडम आजींजवळ टेकल्या. ‘‘आजी, नाव काय होतं हो त्यांचं?’’

‘‘नाव कुनाला ठावं? पर निवद असतोय दर आवसंला.’’

वहीवाल्या काकांनी पेन काढले होते. शक नाही, सन नाही, राजाचे नाव नाही. काय लिहावे ते त्यांना सुचेना. आयुष्यभर दंतकथा झाडून टाकणाऱ्या मॅडम पहिल्यांदाच गावच्या गोष्टीला मान डोलावत होत्या, कारण दगड आणि सासूबाई एकच सांगत होते. मग त्यांनी रंगाचे विचारले. आजी कौतुकाने म्हणाल्या, ‘‘दरसाल जत्रंला पोरं रंग देत्यात. औंदा चांगला भारीतला आणलाय.’’

मॅडम यावर काही बोलल्या नाहीत. बसमध्ये बसल्यावर बोलल्या, आणि ते अख्ख्या दौऱ्यातले त्यांचे सर्वांत लहान व्याख्यान होते. दर वर्षी एक थर चढतो, दर वर्षी खोदकाम थोडे बुजते, आणि एक दिवस गाई, अप्सरा, चंद्र-सूर्य सगळे जाऊन गुळगुळीत चंदेरी दगड उरतो. रंग काढायला गेले तर दगडाचा पापुद्राही निघतो.

तज्ज्ञाबरोबर फिरून आलेला माणूस विद्वान होत नाही. शके आणि सन तो आठवड्यात विसरतो, नहपान कोणाचा सासरा हे महिन्यात विसरतो, आणि सगळे हेमाडपंती पुन्हा हेमाडपंतांचे होते. पण त्याची एक खोड मोडते. पाराला टेकलेल्या दगडाकडे पाठ करून त्याला चहा पिता येत नाही. माझ्या मते भरलेल्या पैशांत एवढे मिळाले तर सहल स्वस्तात पडली.

तेव्हा विनंती एवढीच. तुमच्याही गावी, वेशीजवळ, मारुतीच्या मागे किंवा ओढ्याच्या कडेला असा एखादा वीर उभा असेल. त्याला नैवेद्य दाखवा, हार घाला, नवस बोला, कोणी अडवणार नाही. फक्त यंदा जत्रेच्या बैठकीला जाल तेव्हा वर्गणीच्या यादीतला ऑइलपेंटचा डबा तेवढा खोडून टाका.